जवारी जुळवणारे खाँसाहेब

आमच्या नेरुळच्या घरी भाचा राहायला आला की त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त असतात. खाऊचे नव्हेत हो! इलेक्ट्रिक गिटारला जोडायच्या आणि पायाने दाबायच्या छोट्या छोट्या पेट्या. त्यांना पेडल म्हणतात, आणि त्यातही याला वेड आहे ते ‘फझ’ पेडलचं. या पेटीतून गेला की गिटारचा स्वच्छ सूर जाडसर, घोगरा, भुंग्यासारखा गुणगुणता होऊन बाहेर पडतो. एखाद-दोन कारागीर घरच्या घरी हाताने जोडतात, अशा पेट्यांना तो ‘बुटिक’ म्हणतो. आपल्याला बुटिक म्हटलं की ड्रेसचं दुकान आठवतं! एकच सूर पाच पेट्यांमधून वाजवून तो विचारतो, मावशी, कुठला चांगला?

याची जन्मकथाही गमतीची आहे. १९६१ साली अमेरिकेत नॅशव्हिल शहरात एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना यंत्र बिघडलं आणि गिटारचा आवाज फाटून उमटला. तो बिघाडच लोकांना आवडला. लगेच पुढच्या वर्षी गिब्सन कंपनीने मुद्दाम तसा आवाज काढणारी पेटी बाजारात आणली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडचं एक गाणं गाजलं आणि मग ही पेटी घरोघरच्या गिटारवाल्यांना हवीशी झाली. जुन्या पेट्यांमध्ये जर्मेनियम धातूचे ट्रान्झिस्टर असत आणि त्यातले कुठलेही दोन अगदी सारखे निघत नसत. म्हणून एकाच कंपनीच्या दोन पेट्यासुद्धा वेगळ्या बोलतात. पोरं जमवतात, ताडून बघतात, ती याचसाठी.

मला मात्र तो गुणगुणता आवाज ऐकून तंबोऱ्याची जवारी आठवली. ज्यांनी लहानपणी गाण्याची शिकवणी लावली असेल त्यांना माहीत आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते, तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला हलकेच चाटत कंप पावते. शिवाय तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी बसला की तार झण्ण करून फुलते आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर जागे होतात. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. दोरा केसभर हलला की सगळं बेचव. म्हणजे पाश्चात्त्यांना १९६१ मध्ये बिघाडातून जे सापडलं, ते आपल्याकडचे कारागीर कित्येक पिढ्या कानसेने घासून घडवत आले होते.

आणि जवारी म्हटलं की एकच नाव डोळ्यांपुढे येतं, उस्ताद अब्दुल करीम खाँ. तंबोरा जुळवावा तर खाँसाहेबांनी, असं आमच्या बाई नेहमी सांगायच्या. म्हणून आज त्यांच्याविषयी, आणि त्यांच्याबरोबर आणखी एका बाईविषयी.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव उत्तर प्रदेशातलं कैराना. त्यावरूनच त्यांच्या गाण्याला किराणा घराणं म्हणतात. वडील काले खाँ, काका अब्दुल्ला खाँ, घरात गाणं आणि सारंगी पिढीजात. गळा तर होताच, पण वाद्यांवरही हात बसलेला. वाद्य नुसतं वाजवून ते थांबत नसत. उघडायचं, घासायचं, दुरुस्त करायचं. बिघडलेलं वाद्य बरं करायची हत्यारं ते जवळ बाळगत, असं त्यांना जवळून पाहिलेल्यांनी सांगितलंय. मैफलीआधी तंबोरे जुळवण्यात त्यांचा कितीही वेळ जाई, आणि ते जुळले की सूर सभागृहभर पसरे.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर ते बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गवई म्हणून राहिले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. माने म्हणजे राजघराण्याशी नात्याने जोडलेलं घर. शिकता शिकता दोघांची मनं जुळली. मुलगी हिंदू सरदाराची, गुरू मुसलमान गवई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या गोष्टीने केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना करा. दोघांना बडोदं सोडावं लागलं. ताराबाईंनी मागे टाकलं ते नुसतं गाव नव्हतं. माहेर, मानमरातब, नाव, सगळंच. आणि ज्याच्याबरोबर निघाल्या त्याच्याकडे दौलत काय, तर गळा आणि तंबोऱ्याची जोडी.

आधी मुंबई आणि मग मिरज, असा त्यांचा संसार फिरत राहिला. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. खाँसाहेब एका दुखण्यातून या दर्ग्याच्या कृपेने उठले, अशी गोष्ट सांगतात आणि तेव्हापासून मिरजेवर त्यांचा जीव जडला. गावही कसं, तर तंबोऱ्यांचंच! शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतार-तंबोरे करायला सुरुवात केली. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणायचे, ते वाळवायचे, कोरायचे, आणि सगळ्यात शेवटी जवारी काढायची. आजही मिरजेत हे काम हातानेच होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारीचं वेड असलेल्या गवयाला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतले गृहस्थ, पण त्यांना एका सप्तकातल्या बावीस श्रुती मोजून काढायचा ध्यास होता. १९१० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. सुरांच्या या मोजणीच्या कामात खाँसाहेबांचा गळा त्यांच्या उपयोगी पडला. मोजपट्टी लावावी इतका नेमका सूर! त्यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात विव्हळायला शिकवलं होतं, असं सांगतात. खरंखोटं कुत्र्यालाच ठाऊक, पण अशी गोष्ट कुणाही गवयाविषयी पसरत नाही.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्या काळात बरेच उस्ताद आपली विद्या घराबाहेर जाऊ देत नसत. खाँसाहेबांनी मात्र जातपात न बघता शिकवलं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे आपले सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. कपिलेश्वरीबुवा, बेहेरेबुवा त्यांचेच. पुढे पाकिस्तानात गेलेल्या रोशनआरा बेगमसुद्धा त्यांच्याकडेच शिकल्या. म्हैसूर दरबारी त्यांना मोठा मान होता. तिकडे जाता-येता त्यांनी कर्नाटक संगीत आपलंसं केलं, त्यागराजांची कृती गाऊन तिचं रेकॉर्डिंगही केलं.

हे सगळं बाहेरचं. घरात काय चाललं होतं? ताराबाईंना पाच मुलं झाली. दोन मुलगे, तीन मुली. घरात शिष्यांचा राबता, गवयांची ये-जा, खाँसाहेबांचे दौरे. पैसा आला तसा जायचा. बाहेरच्या मुलींना शिकवणाऱ्या खाँसाहेबांना आपल्या मुलींनी गावं हे मनापासून नको होतं, असं सांगितलं जातं. अखेर १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. एकदा प्रेमासाठी घर सोडलं होतं, आता मुलांसाठी सोडलं. दोन्ही वेळी मागे वळून पाहिलं नाही. नवरा-बायकोत नेमकं काय बिनसलं त्याचा निवाडा आपण करू नये. आपापल्या घरात आपल्याला माहीत असतं की असली गोष्ट एका दिवसात घडत नाही.

त्यानंतर ताराबाईंनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. मुलांना नवी नावं मिळाली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती झाली आणि धाकटा अब्दुल हमीद कृष्णराव झाला. मुलींनी बडोदेकर आडनाव लावलं. जे गाव आईला सोडावं लागलं, त्याचंच नाव! वडिलांचं नाव मात्र पुसलं गेलं. पण ताराबाईंनी गाणं पुसू दिलं नाही. मुंबईत त्यांनी नूतन संगीत विद्यालय काढलं, त्याची नाटक शाखा उभी केली. सुरेशबाबू आणि हिराबाई किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकले.

चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत गायला बसणं हेच तेव्हा वावगं होतं. त्या काळात हिराबाई व्यासपीठावर बसून, तिकीट लावून गायल्या. असं करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. आज आपल्या तालुक्याच्या गावातल्या मुली गणपतीत, कोजागरीला बिनघोर गातात, ती वाट त्यांनी पाडली. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. धाकट्या सरस्वतीबाई राणे ‘रामराज्य’ या १९४३ च्या चित्रपटात गायल्या आणि घराघरांत पोचल्या. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे शिकून प्रभा अत्रे मोठ्या झाल्या. ताराबाई बाहेर पडल्या नसत्या तर यातलं किती घडलं असतं?

आणि खाँसाहेब? ऐकणारे सांगतात की त्या वियोगानंतर त्यांचं गाणं अधिक अंतर्मुख झालं. १९३० नंतरच्या त्यांच्या रेकॉर्ड ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपायचं, पण घाई कुठेही नाही. बारीक, टोकदार आवाज, सारंगीसारखा ओढलेला सूर, आणि भैरवीची ठुमरी असेल तर डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. कर्नाटकातल्या गदगला त्यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून एक लहान मुलगा इतका वेडा झाला की गाणं शिकायला घरातून पळाला. तोच पुढे भीमसेन जोशी. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व हेच त्याचे गुरू झाले.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब आगगाडीत अस्वस्थ झाले आणि सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी तंबोरा मागवला, जुळवला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना करत प्राण सोडला, असं सांगतात. आयुष्यभर जे केलं तेच शेवटी केलं. जवळ शिष्य होते. ताराबाई नव्हत्या, मुलं नव्हती. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला.

मैत्रिणींनो, फझची पेटी असो की तंबोऱ्याची घोडी, दोन्हींकडून मला एकच उमगतं. अगदी गुळगुळीत, निर्दोष सुरात जीव नसतो. तार थोडी घासली, थोडी झिणझिणली की ती फुलते. ते घासणं किती असावं हे ज्याला कळलं तो जवारीचा उस्ताद. खाँसाहेबांना तंबोऱ्यात ते कळलं होतं. घरात मात्र दोरा जागेवरून हलला, आणि त्यातून उरलेला सूर ताराबाईंनी एकटीने जुळवून पुढे नेला. मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण तो थांबला की गाणं उघडं पडतं.

मिरजेला कधी गेलात तर दर्ग्यात जरूर जा. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात तिथे गाणं होतं, मोठमोठे कलाकार हजेरी लावतात. तिथून पुढे सतारमेकर गल्लीत शिरा आणि एखाद्या कारागिराला जवारी काढताना बघा. घोडी घासायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा घासायची. आणि तिथे उभ्या असताना खाँसाहेबांबरोबर ताराबाईंचंही नाव घ्या.