पंडित म्हाइंभट आणि शब्दाची जोखीम

मुखातून निघालेल्या शब्दाचा ऐकणाऱ्यावर परिणाम होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो शब्द आधी बोलणाऱ्यालाच घडवितो किंवा बिघडवितो, हे सहसा ध्यानी येत नाही. या दृष्टीने ग्रंथराज लीळाचरित्राचे कर्ते पंडित म्हाइंभट यांचे जीवन साधनवंताने अभ्यासावे असे आहे.

म्हाइंभट हे आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सराळे गावचे. घर संपन्न, बुद्धी तीव्र, आणि प्रभाकर मीमांसेचे अध्ययन उत्तम. अशा पंडिताचा शब्द हे त्याचे शस्त्र असते. वादात प्रतिपक्षाचे बोलणे समजून घेण्यासाठी ऐकले जात नाही. त्यातील छिद्र शोधण्यासाठी ऐकले जाते. या सवयीने ज्ञान वाढत असेल, पण ज्ञात्याचा अहंकार त्याहून वेगाने वाढतो. याच वादबुद्धीने ते सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी आले आणि निरुत्तर झाले. तेथे त्यांचे पांडित्य नाहीसे झाले नाही. पांडित्याचा ताठा मात्र गळाला. पुढे त्यांनी सर्वसंग त्यागून ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची सेवा पत्करली.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव एकांती लीळांचे स्मरण करीत असत. हे स्मरण आचार्यांपाशीच राहिले तर त्यांच्यामागे ते कोणास लाभणार, ही चिंता म्हाइंभटांस वाटली. त्यातून शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास ऋद्धपूर येथे वाजेश्वरीच्या स्थानी लेखन आरंभले. आचार्य सांगत व म्हाइंभट लिहीत. शिवाय ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले, ऐकले, त्यांना गाठून त्यांनी लीळा मिळविल्या. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे बोलणे खोडून काढले, तोच आता सामान्य जनांचे बोलणे जसेच्या तसे टिपू लागला.

येथे त्यांचा संयम पाहावा. संस्कृत पंडित असूनही त्यांनी मराठीत लिहिले. वाक्ये लहान ठेवली. बाइसांचे बोलणे बाइसांसारखे व महदाइसांचे महदाइसांसारखे राहू दिले. त्यावर अलंकार चढविले नाहीत. आचार्यांचा कटाक्षही हाच होता. केसोबासांसारख्या विद्वानाने संस्कृतातून विचारले असता आचार्यांनी मराठीची वाट दाखविली, कारण संस्कृताने वृद्ध स्त्रिया व भोळे जन ज्ञानास अंतरले असते. भाषेची निवड म्हणजे कोणास आत घ्यावे व कोणास दाराबाहेर ठेवावे याचीच निवड होय. म्हणूनच आज जेऊरचा शेतकरी असो वा ऋद्धपूरचा भिक्षुक, थोड्या साहाय्याने त्यास सातशे वर्षांपूर्वीची ती वाणी समजते.

पुढे खल्जी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांस लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या आधारे ग्रंथाची पुन्हा जुळणी झाली. त्यांत हिराइसांचे स्मरण विशेष मानले जाते. निरनिराळ्या पाठांत भेद आढळले, तेव्हा ते दडपून टाकण्यात आले नाहीत. वेगळे स्मरण वेगळे म्हणून नोंदले गेले. ज्याचे जे बोलणे, ते त्याच्याच पदरी ठेवावे, हे सत्यवचनाचे मोठे अंग आहे.

शब्दाचा आघात कसा असतो, हे आपल्या मार्गाइतके कोणास ठाऊक असणार? महानुभाव या थोर नावापासूनच मराठीत मानभावी हा शब्द झाला आणि दांभिक या अर्थाने कोशांत जाऊन बसला. बोलणाऱ्यास त्यात कोणाची निंदा दिसतही नाही. ऐकणाऱ्या उपदेशी कुटुंबातील मुलास मात्र तो बोचतो. ज्यांनी हा आघात सोसला, त्यांनी तरी दुसऱ्या मार्गाविषयी, अनुपस्थित मनुष्याविषयी, घरच्या सुनेविषयी व आश्रमातील लहान साधकाविषयी बोलताना शब्द तोलून घ्यावा. अन्यथा आपल्या तक्रारीस नैतिक बळ कोठून येणार?

म्हाइंभटांस पांडित्य टाकावे लागले नाही. त्याचा उपयोग बदलावा लागला. विद्या तीच, जिव्हा तीच, लेखणीही तीच. पूर्वी शब्द जिंकण्यासाठी होता, नंतर तो सांभाळण्यासाठी झाला. नित्य स्मरणास बसताना आज आपल्या मुखातून निघालेल्या शब्दांपैकी किती जिंकण्यासाठी होते व किती सांभाळण्यासाठी, एवढा हिशेब प्रत्येक साधकाने व वासनिकाने मनाशी करावा. दंडवत प्रणाम.