माळ मोजणारा कर्नल

वेळापूरपासून महाबळेश्वर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाही. तिथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि आमच्या माळशिरस तालुक्याच्या वाट्याला येतो तो जेमतेम पाचशेच्या आसपास. आफ्रिकेत विषुववृत्तावरच्या घनदाट जंगलातून निघून साहेलच्या कोरड्या गवताळ पट्ट्यात पोचायला हजारभर किलोमीटर तुडवावे लागतात. आपल्याकडे तो प्रवास एसटीने एका दिवसात उरकतो. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजन, हिरडा. वाई उतरली की पानगळीची झाडे. फलटण मागे पडले की बाभूळ, बोर, हिवर, आणि मग धोतराला चिकटणाऱ्या कुसळांचा माळ.

कारण शाळेच्या भूगोलात असते, पण परीक्षा झाली की विसरले जाते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि आपले ओझे तिथेच रिकामे करतो. पलीकडे उतरताना तो तापतो व कोरडा होतो. आपण राहतो ते डोंगराच्या पावसाच्या सावलीत. ज्येष्ठ-आषाढात आमच्या डोक्यावरून काळे ढग नुसते पळत असतात. खरा पाऊस भाद्रपद-आश्विनात, तोही मर्जी असेल तर. जमिनीवर काय उगवणार, ते खाऊन कोण जगणार आणि त्याला खाणारा कोण, हे सगळे या एका हिशेबावर ठरते.

हा हिशेब दख्खनवर यंत्रे घेऊन, वर्षानुवर्षे ज्याने मांडला, तो माणूस म्हणजे कंपनी सरकारचा एक लष्करी अधिकारी, विल्यम हेन्री साइक्स. पक्षी पाहणाऱ्यांना हे नाव पाठ असते. बाकीच्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ज्यांनी पेशवाई बुडवली त्यांच्या फौजेत तो होता.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. तेराव्या-चौदाव्या वर्षी, १८०३ साली, तो मुंबईच्या फौजेत भरती झाला. आपल्या घरातली मुले त्या वयात सायकल मागत असतात. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. १८१० पर्यंत हिंदुस्तानी व मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतकी त्याची तयारी झाली होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला बापू गोखल्यांच्या घोडदळासमोर जी इंग्रजी पलटण उभी होती, तिच्यात साइक्स होता; त्यानंतर किल्ले घेण्याच्या मोहिमेतही. हे विसरून त्याचे कौतुक करावे असे मी म्हणणार नाही.

पुढे तो रजेवर युरोपात गेला, चार वर्षे हिंडला, लग्न केले आणि १८२४ मध्ये परतला. त्या ऑक्टोबरात गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याच्याकडे एक नवेच काम दिले: जिंकलेल्या दख्खनची आकडेवारी गोळा करायची. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे. माणसे किती, बैल किती, जमीन कशी, सारा किती बसेल. आमचे वेळापूर तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते, म्हणून त्याच्या कामाच्या हद्दीबाहेर. पण नीरा ओलांडली की इंदापूर, आणि नदीच्या दोन्ही तीरांवर माळ एकच.

सरकारला हवा होता सारा. साइक्सने त्यासोबत हवाही मोजली. तंबूत बॅरोमीटर आणि थर्मामीटर टांगून तो दिवसातून अनेकदा नोंदी घेई. हवेचा दाब दिवसाकाठी दोनदा चढतो नि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वर, दुपारी चार-पाचला खाली, रात्री पुन्हा तसेच. समुद्राला भरती-ओहोटी यावी तशी ही हवेची भरती-ओहोटी हम्बोल्टने दक्षिण अमेरिकेत पाहिली होती. साइक्सने ती दख्खनवर पाहिली आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. डोंगराची उंची काढायला नाजूक यंत्र नसले तरी साध्या थर्मामीटरवर भागते, पाणी किती उष्णतेला उकळते ते पाहिले की झाले, हेही त्याने लिहून ठेवले. चहाच्या आधणावरून किल्ल्याची उंची काढणारा हा गृहस्थ मला त्याच्या लढायांपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने काटकसरीसाठी त्याचे पद मोडीत काढले. आकडे अर्धवट, चित्रे अर्धवट. दुसरा कोणी सुटलो म्हणून पलटणीत परतला असता. साइक्सने लष्करी कामातून रजा मागून घेतली आणि स्वखुशीने काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पुरा केला, तेव्हाच तो मायदेशी निघाला.

जाताना त्याने नेले ते दख्खनच्या प्राण्या-पक्ष्यांचे नमुने व टिपणे. १८३१-३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीत त्याने त्यांच्या याद्या सादर केल्या. धनगराच्या कळपामागे फिरणारा आपला फिकट पायांचा लांडगा शास्त्राच्या दप्तरात आला तो या यादीतून. रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंदाला, त्याने दख्खनचेच नाव दिले. रात्री उघड्या जमिनीवर बसणाऱ्या एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्याने मराठ्यांचा मुलूख घातला. एका इवल्याशा वटवट्याचे नाव ठेवले रामा. आणि माळावर तुरा उभारून फिरणाऱ्या, मातकट रंगाच्या चंडोलाचे देवा. ही नावे आजही जगभर तशीच चालतात.

ही यादी नीट पाहिली तर तिच्यात लांडगा, लावा, चंडोल, माळढोक अशी माळावरची मंडळी ठळक दिसतात. ही कुणी जंगलातून हाकलून दिलेली नव्हेत. आडोसा नको, दूरवर दिसले पाहिजे, पाण्यावाचून दिवस काढता आले पाहिजेत, अशा अटींवर घडलेले हे जीव आहेत. माळ म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. पाचशे मिलिमीटर पाऊस आणि आठ महिने कोरडी हवा यांतून उभे राहणारे ते एक वेगळेच घर आहे.

याला आपल्या साहित्याचीही साक्ष आहे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत आणि लोकगीतांत कोणती झाडे येतात, हे तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही बाभळी, तरटी आणि गवतच अधिक भेटतात. अर्धनारीनटेश्वराचे आमचे देऊळ यादवांच्या काळातले. तेव्हाही त्याच्याभोवती माळच असावा असे मला वाटते. माउलींची पालखी वेळापूरला येते तेव्हा वारकरी उतारावरून धावा करतात, कारण तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला अशी श्रद्धा आहे. तीस-बत्तीस किलोमीटरवरचा कळस दाट रानातून दिसण्याची गोष्ट कोणी सांगितली नसती.

मात्र कंपनीच्या दप्तराची नजर वेगळी होती. जिथे नांगर नाही ती जमीन पडीक, असा सरळ हिशेब. इंदापुरात प्रिंगलसाहेबाने बसवलेला सारा इतका जड झाला की कुळे शेते टाकून गेली, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना तिथेच नव्याने मोजणी करावी लागली. ज्या व्यवस्थेचा साइक्स नोकर होता, तिनेच माळाला पडीक म्हटले, आणि तो शब्द आपल्या सात-बारावर अजून सुखाने नांदतो.

साइक्सची पुढची वर्षे मोठ्या पदांची. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य, १८४० मध्ये कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ पासून अ‍ॅबर्डीनचा खासदार. तो तपशील मी झरकन ओलांडतो. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. साठीच्या उंबरठ्यावर, १८५० मध्ये, त्याने हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या उंचीवरच्या हवामान-नोंदी एकत्र करून पुन्हा एक निबंध लिहिला. घाटावर साडेचार हजार फुटांच्या आसपास पाऊस सर्वाधिक, त्याहून वर तो उलट कमी होतो, असे त्यात दाखवले. महाबळेश्वरची उंची जवळपास तेवढीच. १६ जून १८७२ रोजी तो लंडनमध्ये वारला.

त्याने माळढोकाबद्दल नोंदवलेली माहिती वाचून आज अंगावर काटा येतो. हा पक्षी दख्खनवर सर्रास आढळे, आणि नगरच्या एका गोऱ्या शिकाऱ्याने एकट्याने हजारभर मारले होते. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा कागदावर त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर होता. नंतर तो १,२२२ वर आला. बंदूक थांबली, पण माळ उरला नाही. आमच्याकडे नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, त्यावर मुलांची शिक्षणे झाली. त्याबद्दल मी तरी नाक मुरडणार नाही. मला खटकते ते वेगळेच: जिथे पाणी पोचले नाही तो माळही आपण उजाड समजून त्यावर खड्डे खणतो आणि बाहेरची झाडे लावतो. दूरवर पाहणाऱ्या पक्ष्याला ती झाडे भिंतीसारखी आड येतात. नान्नजला आता एखादाच माळढोक दिसला तर दिसतो. देवा नावाचा चंडोल अजून आहे; गवताच्या ठोंबाशेजारी, गुराच्या खुराने पडलेल्या खळग्याएवढ्या जागेत तो घरटे करतो.