बाळू पालवणकर : एका गोलंदाजाची जीवनकथा

आपल्यापैकी पुष्कळजण उल्हासनगरहून लोकल पकडून सीएसटीला जातात. स्टेशनातून बाहेर पडून महापालिकेची इमारत ओलांडली की आझाद मैदान लागते. एकाच वेळी डझनभर सामने, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या खेळात, आणि सगळा आरडाओरडा. मैदानाच्या दक्षिण टोकाला मात्र वेगळेच हिरवेगार पटांगण आणि उतरत्या छपराची जुनी वास्तू दिसते. तो बॉम्बे जिमखाना. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ साली तेथे झाला, हे क्रिकेटच्या शौकिनांना ठाऊक असते. त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १९०६ च्या फेब्रुवारीत, त्याच पटांगणावर एका चर्मकार गोलंदाजाने साहेबांचा संघ कसा गुंडाळला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर.

घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. बाळूंचा जन्म १८७६ च्या मार्चमध्ये धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही पुढे नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातून चार क्रिकेटपटू निघाले, आणि तेही ज्या घराला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती अशा घरातून.

पोटासाठी बाळू पुण्यात पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याच्या आणि रोलर फिरवण्याच्या कामाला लागले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी दाबायची, जाळी बांधायची, रेषा आखायच्या, हे काम. एके दिवशी कुणा साहेबाने सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले आणि या मैदानसेवकाचा डावा हात सगळ्यांच्या लक्षात आला. मंदगती, पण चेंडू कुठे पडून कुठे वळेल याचा नेम नाही. त्या वेळचे नाणावलेले फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देत, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असेल तर बाळूंनी पगाराहून जास्त कमाई यातच केली असावी! पण एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. तासन् तास गोलंदाजी करून घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्या हाती बॅट मात्र क्वचितच दिली. फलंदाजी हे मालकाचे काम, गोलंदाजी हे नोकराचे.

पुण्याच्या हिंदू क्लबला साहेबांना हरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज साहेबांच्याच मैदानावर झाडू मारीत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावरून क्लबात वाद झाला. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूचे होते. शेवटी जिंकण्याची ओढ सोवळ्यावर मात करून गेली. पण ती फक्त मैदानापुरती. खेळताना सगळ्यांच्या हातात तोच चेंडू. चहाची वेळ झाली की सभासद आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे, हात धुवायला पाणी द्यायला माणूसही वेगळा. साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टी दिवसचे दिवस दाबून घेण्यात आली, तरी त्यांनी सात गडी बाद केलेच. त्यानंतर पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि पुढे लोकमान्य टिळकांनीही केला. म्हणजे सभेत हार मिळाला, पण कप मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. लष्करात आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी, आणि खेळणे हिंदू जिमखान्याकडून. १९०६ चा सामना याच काळातला. हिंदूंचे डाव २४२ आणि १६० धावांचे, युरोपियनांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि त्यात बाळूंनी आठ बळी घेतले. आदल्याच वर्षी जपानने रशियाला हरवले होते आणि बंगालची फाळणी झाली होती. अशा वेळी गोऱ्यांच्या अंगणात मिळालेला हा विजय लोकांनी निव्वळ खेळ म्हणून पाहिला नाही. याच सुमारास हिंदू जिमखान्याच्या उपाहारगृहात बाळूंना इतरांबरोबर बसता येऊ लागले. दरवाजा उघडला खरा. पण त्यासाठी साहेबांचे आठ गडी बाद करावे लागले, हे विसरता येत नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते, आणि संघाने मारही भरपूर खाल्ला. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दोनच जिंकले. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या उन्हाळ्यात सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. लीस्टरशायरवरचा पहिला विजय बराचसा त्यांच्या गोलंदाजीचा. सॉमरसेटविरुद्धचा दुसरा विजय एका गड्याने मिळाला, आणि त्यात धाकट्या शिवरामने नाबाद शतक काढले. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे भीमराव आंबेडकर नावाचा एक कॉलेजचा विद्यार्थी होता, असे सांगतात.

आता कप्तानपदाची गोष्ट. १९०७ पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन असे तिरंगी सामने सुरू झाले; १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. दरवर्षी त्यांचे नाव कप्तानपदासाठी पुढे येई आणि दरवर्षी बाजूला पडे. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांचा सत्कार केला, तेव्हा पै यांनी त्या सभेतच सांगून टाकले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. असे स्वतःच्या सत्कारात बोलायला धैर्य लागते. निवड समितीजवळ ते नव्हते.

सगळ्यात अटीतटीचा हंगाम १९२० चा. मुसलमानांविरुद्धच्या सामन्याला पै आजारी. मग कप्तान कोण? बाळू चव्वेचाळिशीचे झाले होते, त्यांना संघातूनच वगळले. राहिले विठ्ठल, त्या वेळी हिंदूंचे सर्वांत भरवशाचे फलंदाज. त्यांनाही डावलून पुण्याचे दि. ब. देवधर कप्तान नेमले गेले. देवधर खेळाडू म्हणून थोरच. परंतु ज्येष्ठता आणि कामगिरी दोन्ही विठ्ठलांच्या बाजूने होती. विठ्ठल आणि शिवराम यांनी आपली नावे परत घेतली आणि जातीमुळे झालेला हा अन्याय आपण निमूट सोसणार नाही, असे पत्रक काढले. टिळक ऑगस्टमध्येच निवर्तले होते. गांधींचे असहकाराचे वारे वाहत होते आणि डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव व्हायचा होता. त्या हवेत हे पत्रक दाबून टाकता आले नाही. लोकमत भावांच्या बाजूने गेले.

अंतिम सामना पारशांशी होता. समितीने माघार घेतली. पै कप्तान म्हणून परतले, बाळूंना नुसते संघात घेतले नाही तर उपकप्तान केले, आणि दोघे भाऊही आले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. ते मुद्दामच गेले, असे मानले जाते. तेवढा वेळ हिंदूंचा संघ बाळूंच्या हुकमाखाली खेळला. सामना अनिर्णित राहिला आणि त्या वर्षीचे विजेतेपद हिंदू आणि पारशांनी वाटून घेतले. चौरंगीतला बाळूंचा तो शेवटचा सामना. वीस वर्षांच्या खेळात कप्तानपद मिळाले ते एवढेच, आणि तेही दुसऱ्याने उठून दिले म्हणून.

१९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाचे देणे धाकट्याच्या हाती पोचले.

बाळूंच्या उत्तर आयुष्याबद्दल लिहिताना लेखणी जरा अडखळते. १९३२ साली विभक्त मतदारसंघांच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले. पुढे पुणे करारावर त्यांची सही आहे. धर्मांतराची घोषणाही त्यांना रुचली नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच आंबेडकरांसमोर उभे केले. ज्यांच्या पराक्रमाकडे आंबेडकरांनी तरुणपणी अभिमानाने पाहिले होते, त्यांच्याशीच आता सामना होता. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. काँग्रेसने त्यांचा वापर केला असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य असेलही. पण मला वाटते, ज्याला सारे काही एकाच संघात राहून, आतून भांडून मिळवावे लागले, त्याला वेगळा संघ काढण्याची कल्पना पटणे कठीणच होते. आंबेडकरांनी मात्र त्याच संघाची निवड समिती नीट ओळखली होती.

बाळूंच्या नावावर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. भारताने पहिली कसोटी १९३२ साली खेळली, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. धर्मावार संघांचे ते सामने १९४६ नंतर कायमचे बंद झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर वारले.