हुतात्मा कुर्बान हुसेन आणि वर्गातला खटला

वाचकहो, सिल्लोडच्या एखाद्या शाळकरी मुलाला सविनय कायदेभंगाविषयी विचारा. दांडी आणि मीठ एवढे तो चटकन सांगेल. सोलापूरचे नाव बहुधा घेणार नाही. त्याला बोल लावू नका. १९३० साली आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर मुंबई इलाख्यात, इंग्रजांच्या अमलाखाली. शेजारी असूनही ते परराज्य होते.

त्या गिरणगावात अब्दुल रसूल कुर्बान हुसेन नावाचा तरुण कामगारांत वावरत असे व ‘गझनफर’ हे पत्र चालवीत असे. गझनफर म्हणजे सिंह. उमर जेमतेम विशीची.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक व पोलीस यांची गाठ पडली. गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडला आणि जमाव बिथरला. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर हल्ला होऊन पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारतही जाळली गेली. पुढे काही दिवस शहरात इंग्रजी सत्ता नावालाही नव्हती. रहदारी स्वयंसेवकच सांभाळीत. १२ मे रोजी लष्करी कायदा लागला, तो ३० जूनपर्यंत. त्या काळात डोक्यावर गांधी टोपी घालणे हाही गुन्हा ठरला.

चौकीवरील खुनांबद्दल चौघांना धरले: कुर्बान हुसेन, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चौघांनाही फाशीची शिक्षा झाली.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा नुसता वाचून दाखवू नका. वर्गात कोर्ट भरवा. मात्र आधी मुलांना दोन खटल्यांतला फरक समजू द्या. गांधी टोपी घालणारा सत्याग्रही आपण टोपी घातली हे खुशाल सांगतो आणि शिक्षा पत्करतो. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींनी तेच केले होते. खुनाच्या खटल्यात तसे भागत नाही. तेथे पुरावा लागतो, आणि हजारोंच्या जमावात अमक्याचाच हात उठला हे सांगणारा साक्षीदार लागतो.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. चार मुलांना आधी सांगून ठेवा. तास चालू असता ती गलका करीत आत येतील, खडू-डस्टर पाडतील आणि निघून जातील. अर्ध्या तासाने प्रत्येक विद्यार्थ्याला कोणी काय केले ते कागदावर लिहावयास लावा. कागद एकमेकांशी जुळतात का ते सर्वांसमोर वाचून पाहा. मग सरकारी वकील व बचावाचा वकील उभे करा. आपल्या मिरची बाजाराची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला उलटतपासणीचे प्रश्न शिकवावे लागणार नाहीत.

भूमिका मात्र चिठ्ठ्या टाकून द्या. कुर्बान हुसेन नेहमी मुसलमान मुलानेच व्हावे आणि धनशेट्टी लिंगायत मुलाने, हे बरे नव्हे. ते चौघे एकाच पिंजऱ्यात उभे होते. आणि मारल्या गेलेल्या पोलिसांच्या बाजूनेही कोणी तरी बोलले पाहिजे. तेही पोटासाठी चाकरी करणारे लोक होते. ही बाजू झाकली तर मुलांच्या ध्यानात ते आल्याशिवाय राहत नाही, आणि मग आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. अहिंसेच्या चळवळीत हा रक्तपात कसा झाला, हा प्रश्न एखादी मुलगी विचारीलच. तिला गप्प करू नका. न्यायाधीशाच्या खुर्चीवर तिलाच बसवा.

वर्गातला निकाल काहीही लागो, मुलांना मूळ निकालाचा शेवट सांगा. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आले. त्याच तुरुंगात त्या दिवशी गांधीजी कैदेत होते. त्यांची सुटका झाली ती आणखी चौदा दिवसांनी, २६ जानेवारीस.