मोगलीचा बाप सिवनीला कधी आलाच नाही!

रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं ‘जंगल बुक’ तुमच्यापैकी कुणी लाइव्ह पाहिलेलं नसणार. आई-बाबांना विचारा. १९९३ची गोष्ट आहे. जपानी कार्टून, ५२ भाग, गुलजारांचं गाणं आणि शेर खानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! त्यातलं जंगल मात्र जपानचं नाही. ते सिवनीचं, म्हणजे सिंदीहून नागपूरमार्गे निघालात तर पेंचच्या पलीकडे लागतं ते. पण ज्यानं ते लिहिलं, तो रुडयार्ड किपलिंग तिथे कधी गेलाच नव्हता.

हा माणूस जन्मानं मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. वडील तिथे शिकवायचे. घरात आया गोव्याची, गडी हिंदू. पोरगं दिवसभर त्यांच्यातच, त्यामुळे हिंदुस्थानी फाडफाड बोलायचं. आई-वडिलांसमोर जाताना ‘आता इंग्रजीत बोल हं’ अशी आठवण करून द्यावी लागायची म्हणे.

सहावं पूर्ण व्हायच्या आधीच त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्या बाईकडे ठेवलं. का ते मुलांना धड सांगितलंही नाही. मार, अपमान, त्यात नजर अधू होत चाललेली. जवळपास सहा वर्षं! माणसांनी टाकलेल्या आणि लांडग्यांनी वाढवलेल्या पोराची गोष्ट याच माणसाला का सुचली असेल, हा अंदाज तुम्हीच बांधा.

१८८२ मध्ये तो परत आला. मुंबईत उतरताच विसरलेले देशी शब्द आपोआप तोंडात यायला लागले, अर्थ मात्र आठवेना. मग लाहोरच्या पेपरात नोकरी, तीही सोळाव्या वर्षी उपसंपादक म्हणून! (आम्ही बाविसाव्या वर्षी इंटर्नशिप करतोय, असो.)

‘जंगल बुक’ आलं १८९४ मध्ये. लिहिलं कुठे? अमेरिकेत, व्हर्माँटच्या बर्फात. सिवनीची माहिती घेतली स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाच्या सातपुड्यावरच्या पुस्तकातून. बालू, बघीरा, हाथी ही नावं सरळ आपल्याकडची. ‘मोगली’ म्हणजे बेडूक असं तो सांगतो, पण तो शब्द त्यानंच बनवलेला. १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हा वय होतं ४१. साहित्यात इतक्या लहान वयात अजून कुणालाच मिळालेलं नाही.

इथपर्यंत सगळं मस्त. पण हाच माणूस ब्रिटिश साम्राज्याचा कट्टर भक्त होता. आपण स्वतःचं राज्य चालवू शकतो हे त्याला कधी पटलंच नाही. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी इंग्लंडमध्ये निधी जमवला गेला, त्यात यानंही पैसे घातले. वर्धा जिल्ह्यात राहून हे वाचताना जास्तच टोचतं. १८ जानेवारी १९३६ला किपलिंग गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. मग बालू आवडून घ्यायचा की नाही? मला आवडतो. डायरच्या निधीचंही विसरत नाही.

त्याच्या घरातही सुख टिकलं नाही. लाडकी लेक जोसेफिन सहा वर्षांची असताना १८९९ मध्ये गेली. मुलगा जॉन पहिल्या महायुद्धात १९१५ला गेला. अधू नजरेमुळे सैन्यानं नाकारलेल्या या पोराला बापानंच ओळख लावून भरती केलं होतं.

पुढे १९६७ मध्ये डिस्नेचा सिनेमा आला. साम्राज्य गायब, उरली धमाल. किपलिंगच्या माकडांना राजाच नव्हता, डिस्नेनं किंग लुई घुसवला. मोगलीचा जिवाभावाचा मित्र असलेल्या ‘का’ अजगराला चक्क व्हिलन केलं. टीव्हीवर तर गाडी आणखीच सुटली. १९९०च्या ‘टेलस्पिन’मध्ये बालू मालवाहू विमान उडवतो, लुई क्लब चालवतो आणि शेर खान सूट घालून कंपनीचा मालक झालेला असतो. १९९६च्या ‘जंगल कब्ज’मध्ये हे सगळे एकदम लहान पोरं!

‘टेलस्पिन’ही दूरदर्शनवर हिंदीत लागायचं. त्यात बालू, लुई आणि शेर खान आहेत, पण मोगली नाही.