६,००० टन दगड तळ्यात ओतून त्यानं वेटोळं बनवलं, अन् पुढची ३० वर्षं ते पाण्याखालीच गेलं

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचं खारं सरोवर आहे. त्याच्या उत्तर भागात रोझेल पॉइंट म्हणून एक ओसाड जागा आहे. शेवटचा रस्ता कच्चा, आसपास वस्ती नाही. तरीही जगभरातून लोक इथं येतात. कशासाठी? तर काठावरून सरोवरात शिरलेलं काळ्या दगडांचं एक भलंमोठं वेटोळं बघायला.

याचं नाव स्पायरल जेटी. १९७० साली ते बनवलं रॉबर्ट स्मिथसन या कलाकारानं. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. पुढच्या तीनच वर्षांत तो गेला. अन् त्याचं हे काम तो जायच्या आधीच पाण्याखाली गेलं होतं.

तळघरात म्युझियम मांडणारा पोरगा

स्मिथसनचा जन्म २ जानेवारी १९३८ चा, न्यू जर्सीतल्या पसेइक शहरातला. त्याच्या जन्माआधीच त्याचा थोरला भाऊ ल्युकेमियानं गेला होता. घरात रॉबर्ट एकटाच. लहानपणी त्याचे डॉक्टर होते विल्यम कार्लोस विल्यम्स, म्हणजे अमेरिकेतले नावाजलेले कवी.

पोराला नाद होता तो शंखशिंपले, जीवाश्म अन् सरपटणाऱ्या प्राण्यांचा. घराच्या तळघरात त्यानं स्वतःचं छोटं म्युझियमच मांडलं होतं. शाळेत असतानाच न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगची स्कॉलरशिप मिळाली अन् तो चित्रकलेकडे वळला. कॉलेजची डिग्री मात्र त्यानं कधी घेतली नाही. १९६३ मध्ये त्यानं नॅन्सी होल्टशी लग्न केलं. पुढे ती स्वतःही मोठी कलाकार म्हणून ओळखली गेली.

गॅलरीच्या भिंती अपुऱ्या पडल्या

१९६७ मध्ये स्मिथसन कॅमेरा घेऊन पसेइकला गेला. तिथल्या नदीकाठचे पंप, पाइप, अर्धवट बांधकामं यांचे फोटो काढले अन् हीच या शहराची स्मारकं आहेत, असा लेख लिहिला. लोक किल्ले, पुतळे बघायला जातात, हा गडी बांधकामाचा राडारोडा बघत होता.

त्याच्या डोक्यात एक शब्द पक्का बसला होता, एंट्रॉपी. सोप्या भाषेत सांगायचं तर, रचलेली प्रत्येक गोष्ट हळूहळू विस्कटत जाते अन् आपोआप परत जुळत नाही. बहुतेक कलाकार आपलं काम टिकावं म्हणून धडपडतात. स्मिथसनला मात्र ते विस्कटणंच दाखवायचं होतं. जानेवारी १९७० मध्ये त्यानं ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत एका शेडवर मधला वासा तडकेपर्यंत माती टाकायला लावली. तडा गेला, काम पूर्ण.

लाल पाणी अन् भोवऱ्याची दंतकथा

त्याला लाल पाण्याचं सरोवर हवं होतं. ते रोझेल पॉइंटला सापडलं. ग्रेट सॉल्ट लेकच्या मधून १९५९ मध्ये रेल्वेसाठी भराव टाकला गेला. नद्यांचं गोडं पाणी उत्तरेकडे पोचणं कमी झालं, तिथला खारटपणा वाढला. अशा पाण्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात अन् पाणी गुलाबी-लाल दिसतं. २०२० मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतंय? तिथंही कारण अशाच सूक्ष्मजीवांचं निघालं होतं.

जागा मिळाली, पण वेटोळंच का? एक तर मिठाचे स्फटिक वाढतात तेव्हा त्यांच्यावर सूक्ष्म सर्पिल पायऱ्या तयार होतात. दुसरं म्हणजे, या सरोवराच्या तळाशी थेट पॅसिफिक महासागराला जोडलेला भोवरा आहे, अशी तिथं जुनी दंतकथा होती. त्यात रोझेल पॉइंटला तेल शोधण्याच्या फसलेल्या प्रयत्नांचा गंजका पसारा पडलेला. स्मिथसनला तर तेच हवं होतं.

जमीन लीजवर घेतली, पैसा न्यूयॉर्कच्या गॅलरीमालक व्हर्जिनिया ड्वान यांनी दिला. तळ्यात बांध घालायचा अनुभव असलेला बॉब फिलिप्स हा कंत्राटदार मिळाला. एप्रिल १९७० मध्ये डंपर अन् लोडर कामाला लागले. सह्याद्रीत दिसतो तसाच काळा बसाल्ट, वर माती, सगळं मिळून ६,००० टनांहून जास्त.

काम झालं, माणसं घरी गेली. पण स्मिथसनला आकार पटेना. त्यानं सगळ्यांना परत बोलावलं, दगड हलवायला लावले अन् मग आजचं वेटोळं तयार झालं. लांबी १,५०० फूट, रुंदी १५ फूट. त्यानं यावर फिल्मही केली. हेलिकॉप्टर वर घिरट्या घालतंय अन् खाली स्मिथसन वेटोळ्यावरून पळत आत जातोय, हा त्यातला सीन आजही गाजतो.

सरोवराची पातळी तेव्हा कमी होती. दोनेक वर्षांत पाणी चढलं अन् जेटी बुडाली.

शेवटचं उड्डाण

२० जुलै १९७३. टेक्सासमधल्या अमरिलोजवळ एका रँचवर स्मिथसन नव्या कामाची आखणी करत होता. जागा वरून बघायला तो छोट्या विमानात बसला. विमान कोसळलं. पायलट, फोटोग्राफर अन् स्मिथसन, तिघंही गेले. स्मिथसन ३५ वर्षांचा होता.

नॅन्सी होल्ट यांनी रिचर्ड सेरा अन् टोनी शफ्राझी या मित्रांना सोबत घेऊन त्याच वर्षी ते काम, म्हणजे अमरिलो रॅम्प, पूर्ण केलं.

आता पेच वेगळाच आहे

जवळपास ३० वर्षं जेटी फक्त फिल्ममध्ये अन् फोटोंमध्ये उरली होती. २००२ मध्ये दुष्काळानं पाणी उतरलं अन् ती वर आली. काळे दगड मिठानं पांढरे पडले होते. १९९९ पासून तिची जबाबदारी डिया आर्ट फाउंडेशनकडे आहे. २००८ मध्ये जवळच तेलासाठी ड्रिलिंगचा प्रस्ताव आला, तेव्हा हजारो लोकांनी विरोध कळवला.

आज वेटोळ्याभोवती पाणी नाही, कोरडी पांढरी जमीन आहे. नद्यांचं पाणी शेती अन् शहरांसाठी आधीच उचललं जातं, त्यात दुष्काळ. २०२२ मध्ये सरोवरानं नीचांकी पातळी गाठली. म्हणजे जेटी दिसतेय, कारण सरोवर आटतंय. उद्या सरोवर वाचलं अन् भरलं, तर जेटी पुन्हा बुडू शकते.

जेटी वाचवायची की सरोवर, असा प्रश्न स्मिथसनला कुणी विचारला असता, तर त्याला दगडांची फार काळजी वाटली नसती. बदलत जाणं हेच त्याच्या कामाचं सूत्र होतं. सरोवरावर जगणाऱ्या पक्ष्यांना अन् आसपासच्या माणसांना मात्र तशी सूट नाही.