रिकाम्या चौकटी ठेवणारा मास्तर

मित्रांनो, केमिस्ट्री लॅबच्या भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. व्हायवाच्या आदल्या रात्री होस्टेलवर गण आणि आवर्तांची घोकंपट्टी चालते आणि सकाळी सगळं साफ! पण हा तक्ता मांडणारा दिमित्री मेंडेलीव्ह पोरांना शिकवता शिकवताच या भानगडीत पडला, हे किती जणांना ठाऊक आहे?

८ फेब्रुवारी १८३४ रोजी सायबेरियातल्या टोबोल्स्क गावी त्याचा जन्म झाला. घरातलं शेंडेफळ. वडील शाळेचे मुख्याध्यापक, पण त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. आई मारियाने माहेरचा काचेचा कारखाना चालवून संसार ओढला. १८४७ मध्ये वडील वारले, पुढच्याच वर्षी कारखाना जळून खाक झाला. तरी माउली खचली नाही. धाकट्याला घेऊन दोन हजार किलोमीटरवरच्या मॉस्कोला निघाली. तिथे प्रवेश नाकारला, म्हणून पुढे सेंट पीटर्सबर्ग. १८५० मध्ये तिथल्या अध्यापक संस्थेत पोराला जागा मिळाली आणि त्याच वर्षी आई गेली. भामरागड-एटापल्लीहून पेटी घेऊन होस्टेलला आलेल्या मित्रांना हा प्रवास वेगळा समजावून सांगायला नको.

१८६७ मध्ये मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. शिकवायला मनासारखं पुस्तक नव्हतं, म्हणून स्वतःच लिहायला घेतलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. कशानंतर काय शिकवायचं? १८६९ मध्ये त्याने ती अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली. ठराविक अंतराने तेच गुणधर्म परत येत होते! मग सारख्या स्वभावाची एका गटात बसवली. सोडियम-पोटॅशियम एका घरात, क्लोरीन-ब्रोमीन दुसऱ्या.

खरी गंमत पुढेच आहे. जिथे बसणारं कुणीच सापडेना, तिथे त्याने ओढूनताणून काही कोंबलं नाही. चौकट रिकामी सोडली. एवढंच नाही, तर १८७१ मध्ये त्या चौकटीत येणाऱ्यांचे गुणधर्मही सांगून टाकले. नावं दिली एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. यातलं ‘एका’ म्हणजे संस्कृतातलं ‘एक’, त्या गटातलं पुढचं पहिलं घर.

अनेकांनी हे मनावर घेतलं नाही. पण १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकोक द ब्वाबोद्रानला गॅलियम सापडलं. त्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या आसपास हवी, असं कळवलं. पुन्हा मोजली तर खरंच ५.९! हे गॅलियम सुमारे ३० अंशांना वितळतं. आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलं तर पाणी पाणी होईल. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं. तिन्ही चौकटी भरल्या.

तो चुकलाही. आयोडीनच्या आधी बसवलेलं टेल्युरियम जास्त जड भरत होतं, तेव्हा त्याला वाटलं की मोजणाराच चुकला. वजन बरोबर होतं. खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा, हे मोस्लेने १९१३ मध्ये दाखवलं. पण टेल्युरियमची जागा मेंडेलीव्हने बरोबरच निवडली होती.

माणूस नुसता पुस्तकी नव्हता. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचं निवेदन घेऊन तो मंत्र्याकडे गेला. ते परत आलं तेव्हा विद्यापीठाची नोकरी सोडली. १८९९ मध्ये उरल डोंगरातल्या लोखंड उद्योगाच्या पाहणीला गेला. तिथल्या भट्ट्या जंगलाच्या लोणारी कोळशावर चालत. खनिज किती आहे हे तर त्याने पाहिलंच, पण जंगल दरवर्षी किती वाढतं याचाही हिशोब मांडला. सुरजागडचं लोहखनिज, चंद्रपूरचा दगडी कोळसा आणि भोवतालचं जंगल रोज बघणाऱ्या आपल्याला तो हिशोब परका वाटू नये.

२ फेब्रुवारी १९०७ रोजी तो गेला. नोबेल मिळालं नाही, पण १९५५ मध्ये तयार झालेल्या १०१ व्या मूलद्रव्याला मेंडेलीव्हियम हे नाव मिळालं. आज तक्त्यात ११८ मूलद्रव्यं आहेत.

तेव्हा दोस्तहो, येत नसलेल्या उत्तराच्या जागी पानभर काहीतरी खरडताना या मास्तरची आठवण ठेवा. आपल्याला काय माहीत नाही, हे नेमकं सांगता येणं हासुद्धा अभ्यासच आहे!